न सुकणारं चक्र

फुलांच्या दुकानात माणूस दोनच कारणांनी येतो, असं फुलवालीचे बाबा म्हणायचे. एकतर कुणीतरी आलेलं असतं, नाहीतर कुणीतरी गेलेलं असतं. नगरपालिकेचा मुकादम त्या सकाळी दुकानात शिरला तो या दोन्हींपैकी कशासाठीच नव्हता. बादल्यांमधल्या गुलाबांकडे तो उगाचच बघत उभा राहिला, तेव्हा फुलवालीनं हातातली कात्री खाली ठेवली.

"ताई, टेकडीवरची जुनी दफनभूमी साफ करायची ठरलीय," तो एकदाचा बोलला. "पुढच्या आठवड्यात यंत्र येईल. झुडपं मुळासकट काढायची आणि जमीन सपाट करायची."

"आणि थडगी?"

"ज्यांना आपलं थडगं दाखवता येईल, त्यांचं ठेवणार. भोवती खुणेचे दगड लावू, तेवढं हातानं साफ करू. बाकी..." त्यानं टोपी काढली आणि परत घातली. "यंत्राला काय कळतंय, ताई. तुमचंही कुणीतरी आहे ना तिथं? म्हणून म्हटलं, नोटीस लागायच्या आधी सांगून यावं."

माणूस भला होता. गावात दुसरा कुणी असता, तर जाता जाता एक टोमणा हाणूनच गेला असता. कारण टेकडी ज्या झुडपानं गिळली होती, त्याला सारं गाव 'फुलवाल्यांचं झाड' म्हणायचं. सात पिढ्या खपून नाव कमवावं, तर लोक ते विसरतात. एक झुडूप आणावं, तर ते नाव टेकडीभर होतं.

बाबांनी त्याला लालमणी म्हटलं होतं. कुठल्याशा बंदरावरून ते ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन रोपं घेऊन आले, तेव्हा फुलवाली शाळकरी पोर होती. आपल्या मुलुखातलं झाडच नव्हतं ते. चकचकीत पानं, देठांवर आखूड काटे, आणि थंडीत सगळी झाडं उघडीबोडकी झाली की याच्यावर लालभडक मण्यांचे घोस. पण बाबांनी ते शोभेसाठी आणलं नव्हतं. हे गावाला कुणी कधी सांगितलं नाही, आणि सांगून तरी कुणी ऐकलं असतं?

आदल्या वर्षी गुंड्या गेला होता. फुलवालीच्या पाठचा भाऊ. नाव वेगळं होतं, पण गोल गरगरीत म्हणून गुंड्या. दुकानातल्या टेबलाखाली बसायचा आणि हात वर करून फुलांची मुंडकी उडवायचा. नुसती मुंडकी. देठ बादलीत तसेच उभे. गिऱ्हाईक आलं की बाबांच्या हाती देठांची जुडी यायची, आई पाठीत धपाटा घालायला धावायची आणि हा खिशात फुलं कोंबून पसार. शाळेत घालायचं वयही झालं नव्हतं. ताप आला, उतरला, परत आला, आणि मग उतरायला कुणी उरलंच नाही.

आई रोज टेकडी चढायची. काल ठेवलेलं फुलांचं चक्र आज काळं पडलेलं बघायची आणि रडत परत यायची. फुलवाल्याची बायको ती, फूल सुकतं हे तिला कुणी शिकवायला नको. पण दुःखाला धंद्याची अक्कल नसते. एका संध्याकाळी ती बाबांना म्हणाली, "सगळ्या गावाला फुलं देता. माझ्या लेकाला एक टिकणारं काही देता येत नाही तुम्हाला?"

बाबांनी चौकशा केल्या, दिसेल त्या खलाशाला विचारलं, आणि लालमणीची रोपं आणली. रोपांनी जीव धरायला, मणी यायला दोनतीन वर्षं गेली. पहिल्या बहराचे सगळे घोस बाबांनी एका छोट्या चक्रात गुंफले. गिऱ्हाइकाच्या चक्राला लोखंडी तार असायची. या चक्रासाठी त्यांनी तांब्याची तार वाकवली, शेवटाला तीन पीळ दिले आणि ते गुंड्यापाशी ठेवून आले. थंडी सरली तरी मणी लालच होते. आई तेव्हा पहिल्यांदा पोटभर जेवली.

मग काय, लोकांनी पाहिलं. ज्याचं कुणी गेलं तो म्हणायचा, तसलं चक्र द्या. ज्याचं कुणी गेलं नव्हतं तो म्हणायचा, रोप द्या. डॉक्टरांचं कुंपण, शाळेचं कुंपण, स्टेशनचं कुंपण, जिकडेतिकडे लालमणी. "पाणी नको, खत नको, बघायलासुद्धा कुणी नको," बाबा हौसेनं सांगायचे. "मरायचं नावच घेत नाही." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पुढे फुलवालीनंही दुकानात उभं राहून हेच शब्द शेकडो वेळा म्हटले.

थडग्यावरचं चक्र हलवू नये, जागच्या जागी कुजू द्यावं, अशी तिथली रीत होती. चक्रं कुजली आणि मणी मातीत गेले. उरलेले पाखरांनी खाल्ले आणि ओढ्याकाठी, कुरणात, जिथं बसतील तिथं पेरले. आधी दोनचार रोपं दिसली तेव्हा लोकांना कौतुक वाटलं. मग गवत मेलं. शेळ्यांनी तोंड लावलं नाही, काटा असा की माणूस शिरेना, आणि तोडलं तर एकाचे पाच फुटवे. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली. ज्यांनी रोपं मागून नेली होती तेच आता रस्त्यात नाकं मुरडायला लागले. बाबा तेवढं बघून गेले. शेवटी शेवटी ते दुकानाच्या मागच्या दारातून ये-जा करायचे. त्यांना गावाबाहेरच्या नव्या जागेत पुरलं, कारण तोवर जुन्या जागेत पाय ठेवायला वाट नव्हती.

ताई, हा मोगरा घरी जाऊन माझं अंगण खाणार नाही ना, असं आजही गिऱ्हाइकं हसत हसत विचारायची. फुलवालीही हसायची. हसण्यावारी नेलं नाही तर दुकान चालत नाही.

आई दुकानाच्या वरच्या खोलीत राहायची. गुडघे गेले होते, दृष्टी अधू झाली होती, कान मात्र शाबूत. फुलवाली चहा घेऊन वर गेली, तर आईनं आधीच सगळं ऐकलेलं.

"यंत्र आणतायत म्हणे."

"हो."

"शोध त्याला."

"आई, तिथं आता काही दिसत नाही. लाकडी पाटी होती, ती कधीच कुजली असेल. मला नीट आठवतही नाही."

"मला आठवतं. भिंतीच्या कडेनं वर, विहीर डावीकडे टाकून. तिथून तो हाकेच्या अंतरावर आहे." आईनं कप खाली ठेवला. "माझे गुडघे गेले तेव्हापासून मी गेले नाही. आधी वाटलं, बरं वाटलं की जाऊ. मग वाट बंद झाली. यंत्रानं त्याला चिरडलं तर मी काय तोंड घेऊन मरू?"

फुलवालीनं दुकानाला कुलूप लावलं आणि मुकादमाकडे एक माणूस मागितला. त्यानं कोयतेवाला दिला. उंच, वाकलेला, दिवसभरात दहा शब्द बोलला तर पाऊस पडेल असा. दोन्ही हातांना कातडी मोजे, कमरेला कोयता, खांद्यावर कुदळ.

भिंत सापडलीच नाही. झुडपानं ती कधीच पोटात घेतली होती, दगड सुटे होऊन इकडेतिकडे लोळत होते. विहिरीच्या जागी एक खड्डा, तोही काट्यांनी भरलेला. पहिल्या दिवशी दोघं कापत कापत एका चांगल्या दगडी थडग्यापाशी पोचले, ते निघालं शाळेच्या जुन्या हेडमास्तरांचं. त्यांच्या छातीवर लालमणीचं हे एवढं झाड. त्यांचं चक्र आपल्या घरातूनच गेलं होतं, हे फुलवालीला लख्ख आठवलं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी निघाली, मग कुणी जुळी. जे थडगं उघडं पडे तिथं मधोमध लालमणी. या टेकडीवरचं एकेक झाड बाबांनी आणि आपण आपल्या हातानं गुंफून धाडलंय, हे तिला आजवर माहीत होतं. आता ते डोळ्यांना दिसत होतं. तिला बसावंसं वाटलं, पण बसायला जागा नव्हती.

रोज संध्याकाळी आई विचारायची, "सापडला?" फुलवाली मान हलवायची. आईला मान दिसायची नाही, मग तोंडानं "नाही" म्हणावं लागायचं. ते जास्त अवघड होतं.

यंत्र यायला दोन दिवस उरले, तेव्हा दुपारी कोयतेवाला घाम पुसत थांबला. "एक बोलू का, ताई? इथलं खोड अंगठ्याएवढं आहे. तिकडे वर मनगटाएवढं. आत कुठंतरी याच्यापेक्षा म्हातारं झाड असणार. सगळ्यांची आजी."

फुलवाली त्याच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस ती पाटी शोधत होती, भिंत शोधत होती, विहीर शोधत होती. टेकडीवर लालमणीचं पहिलं चक्र कुणापाशी ठेवलं, ते साऱ्या गावात फक्त तिच्या घराला माहीत होतं.

"जाड खोडाकडे चला," ती म्हणाली. "जिकडे जास्त जाड, तिकडे."

मग वाट चुकली नाही. मनगट, मग दंड, मग मांडी. उन्हं कलायच्या सुमाराला कोयतेवाल्यानं शेवटचा पसारा बाजूला ओढला आणि समोर ते उभं होतं. दोन हातांच्या कवेत येईल न येईल असं खोड, साल फाटलेली, वर सगळा लाल भार. फुलवाली गुडघ्यांवर बसली आणि बुंध्याशी हात घालून पालापाचोळा उकरायला लागली. काट्यांनी हात सोलवटले तरी थांबेना.

बोटांना तार लागली. तांब्याची, हिरवी पडलेली. चक्राच्या मधोमध रोप उगवलं होतं, ते वाढत वाढत तारेएवढं झालं, मग तारेहून मोठं झालं आणि तारच सालीत रुतून बसली. एका बाजूला तेवढं टोक बाहेर राहिलं होतं. तीन पीळ.

"हा बघा माझा भाऊ," ती कोयतेवाल्याला म्हणाली, आणि रडायला लागली. त्यानं मोजे काढले आणि नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मुकादम स्वतः आला. खुणेचे दगड लावले, ताईंचं काम झालं म्हणून तो खूश होता. मग झाडाकडे बघून त्याचा चेहरा पडला. "ताई, जागा ठेवू. झाड नाही ठेवता येणार. हे एक राहिलं, तर परत सगळी टेकडी भरेल. खोड कापून बुंध्यावर औषध ओततो, मूळ आतल्या आत मरेल. नाहीतर खणून काढावं लागेल."

फुलवालीनं हे आईला जसंच्या तसं सांगितलं.

"राहू दे ते झाड," आई म्हणाली. "इतकी वर्षं त्याच्यापाशी तेच होतं. मी नव्हते."

"आई, आपल्यापायी एकदा टेकडी गेली. आता जाणूनबुजून परत घालवायची?"

"टेकडीचं मला काय सांगतेस? तुझे बाबा माझ्यासाठी गेले होते ते आणायला. मी टोचून बोलले म्हणून. गावानं त्यांना शिव्या घातल्या, त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतल्या. एकदा तरी म्हणाले का, की हे हिनंच मागितलं होतं?" तिचा आवाज चिरकला. "एका शब्दानं म्हणाले नाहीत."

फुलवालीनं आईचे पाय दाबले, पांघरूण घातलं आणि दिवा न लावता तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं अंधारातून आईच म्हणाली, "मला तिथं ने. मग बघू."

सकाळी दोन माणसांनी आईला दुकानातल्या लाकडी खुर्चीत बसवून वर नेलं. "नवरी निघाली," ती वाटेत म्हणाली, आणि खुर्ची उचलणारे हसले. वर पोचल्यावर तिनं खुर्ची बुंध्याला टेकवून ठेवायला लावली. हात पुढे करून खोड चाचपलं, खाली वाकून तार चाचपली, पीळ मोजले. ते मोजून झाल्यावर तिनं हात मागे घेतला.

"हा कोवळा पोर," ती म्हणाली. "आणि त्याच्यावर हे केवढं ओझं. मीच ठेवायला लावलं." मग मुकादमाच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवून म्हणाली, "काढा. पण औषध नको. त्याच्या अंगावर औषध ओतू नका. खणून काढा, आणि हळू."

मुकादमाचं यंत्र टेकडीखाली येऊन उभं होतं. त्यानं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि स्वतः कुदळ घेतली. कोयतेवाल्यानं आधी खोड कापलं, मग तार जपून सोडवून फुलवालीच्या हातात दिली. दोघं सावकाश खणत गेले. मूळ सरळ खाली उतरलं होतं. वर आलं तेव्हा त्याच्या तंतूतंतूंत काळी माती घट्ट धरलेली होती. दुसरं काही नव्हतं. नुसती माती. चार माणसांनी ते ओढून कडेला ठेवलं, मुळं जाळायचा ढीग तिकडे होता.

"थांबा," आई म्हणाली. "इकडे आणा ते."

त्यांनी आणलं. आईनं ते धूड आपल्या पायांशी, खड्ड्याच्या काठावर ठेवायला लावलं आणि दोन्ही हातांनी मुळांमधली माती झाडायला लागली. चिमूट चिमूट. तंतू बोटांनी विलगून, त्यातला कण न कण खाली खड्ड्यात पाडत.

"आजी, आम्ही झटकतो की," मुकादम म्हणाला.

"हात लावू नकोस. ही माती माझी आहे. मुळाला चिकटून जाळात जाईल."

माणसं टोप्या हातात घेऊन उभी राहिली, खाली ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. फुलवाली आईशेजारी मातीत बसली आणि तीही झाडायला लागली. मुळं पांढरी दिसेपर्यंत दोघी झाडत होत्या. मग आईनं तळहात एकमेकांवर घासून उरलेली धूळसुद्धा खड्ड्यात टाकली आणि म्हणाली, "आता न्या."

खड्डा बुजवून झाल्यावर फुलवालीनं दुकानातून आणलेली शेवंती काढली. देठ चांगले लांब होते. आईनं जुडी हातात घेतली, एकेक मुंडकं खुडलं आणि नुसती मुंडकी मातीवर ठेवली. देठ लेकीला परत दिले.

"अशी ठेवलीस तर उद्याच सुकतील," फुलवाली म्हणाली.

"सुकू देत. मग परत यायचं. मला तेव्हा कळलं नाही गं. रोज यावं लागत होतं, तेच बरं होतं."

आईला परत टेकडी चढता आली नाही. पण रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की ती विचारायची, "कालची सुकली का?"

"सुकली असतील."

"असतील काय? जा, बघून ये."

आणि फुलवाली जायची. साफ केलेली टेकडी उघडी, बोडकी दिसायची. मातीत बी अजून कितीतरी वर्षं जिवंत राहणार होतं. प्रत्येक सरीनंतर लालमणीची इवली जोडपानं जागोजागी डोकं वर काढायची. दुसरीकडे नगरपालिकेची माणसं उपटायची, पण दगड लावलेल्या तुकड्यातली ती स्वतः उपटायची. गावातल्या कुणी विचारलं तर सांगायची, आमचंच झाड आहे, आम्हीच काढायला हवं. टोमणा मारणारे हळूहळू थकले.

थंडी सुरू झाली तशी आईनं अंथरूण धरलं. जेवण सुटलं, बोलणं कमी झालं, पण सकाळचा प्रश्न सुटला नाही. कधी अर्धाच यायचा, "कालची?" फुलवाली म्हणायची, "सुकली. चाललेच मी."

एका सकाळी तिनं चहा नेऊन ठेवला आणि वाट बघत उभी राहिली. आईनं काही विचारलं नाही.

तिला गुंड्याच्या शेजारीच ठेवलं. मुकादमानं जागा मोकळी करून दिली होती, दगड सरकवून दोघांना पुरेशी केली होती. त्या दिवशी गावातून बरीच माणसं आली, काहींनी मोठी चक्रंही आणली.

दुसऱ्या दिवशी फुलवाली एकटीच वर गेली. कालची फुलं सुकली होती. ती तिनं उचलली, शेवंतीची मुंडकी खुडून अर्धी इकडे, अर्धी तिकडे ठेवली, आणि नवीन उगवलेली रोपं उपटायला खाली बसली.